चार नंबरची जागा

एकोणीसशे एकोणसाठ सालची ही गोष्ट. साल पक्कं लक्षात आहे, कारण त्याच वर्षी आमच्या कारखान्यातल्या कामगारांच्या घरच्या माणसांनाही विम्यातून औषधपाणी मिळायला लागलं. त्याआधी विमा होता, पण तो ज्याचा त्याचा. मला ताप आला तर मला गोळ्या मिळायच्या. घरी आई तापाने फणफणली तर तिला गवती चहाचा काढा.

मी तेव्हा विशीत होते. कोपरीत खाडीच्या अंगाला आमची कोळ्यांची आळी होती. तिथून मिठागरांच्या बांधावरून चालत गेलं की मुलुंडच्या बाजूला काचेच्या बाटल्यांचा कारखाना लागायचा. आम्ही बायका तपासणीला बसायचो. बाटली उजेडापुढे धरायची, फिरवायची, बुडबुडा किंवा चीर दिसली की बाजूला टाकायची. मी सातवीपर्यंत शिकले होते म्हणून मला सगळे जरा मानायचे. पण बाटली बघायला शाळा लागत नाही, डोळे लागतात, आणि ते माझे चांगले होते.

आईचे मात्र गेले होते. वडील मी लहान असतानाच खाडीत गेले. मला भाऊ नाही. चंद्रभागेने, म्हणजे माझ्या आईने, जाळी विणून आणि सुकट विकून मला मोठी केली. मग तिच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आला, पाठोपाठ उजव्यात. जाळं ती तरीही विणायची. गाठ चुकली तर तिच्या बोटांना कळायचं. माणूस पायांच्या आवाजावरून ओळखायची. पण सकाळी अंगणात बसली की तोंड उन्हाकडे करून बसायची, आणि ते मला बघवत नसे.

भिवाजी आमच्या आळीत आला तेव्हा आईला दिसणं बंद झालं होतं. तो घोडबंदरकडचा. आईबाप लहानपणीच गेलेले, चुलत्याने वाढवलेला. कारखान्यात भट्टीवर लागला आणि शेजारच्या खोलीत दोन पोरांबरोबर राहू लागला. रात्रीचं जेवण आमच्याकडे. आई चुलीजवळ चाचपडत भाकऱ्या थापायची आणि तो आला की न चुकता म्हणायची, "आला माझा भुकेला." तो तिला मावशी म्हणायचा.

"दिसतो कसा गो ह्यो?" ती मला विचारायची.

"काळा आहे."

"मंग चांगला हाय. गोरा पुरुष उन्हात टिकत नाय."

भिवाजी ताटावरून मान वर करून माझ्याकडे बघायचा आणि हसायचा. आई बघत नसे, म्हणून आम्हाला एवढं हसता यायचं.

कारखाना सुटला की आम्ही बांधावरून परत यायचो. माझी मैत्रीण गोदा बरोबर असायची. ती माझ्याच बाकावर बसायची आणि तिची जीभ कारखान्यात सगळ्यांत तिखट होती. ती मुद्दाम चपलेत खडा गेल्याचं सोंग करून मागे राहायची. अशाच एका संध्याकाळी भिवाजी म्हणाला, "दिवाळी होऊ दे. मग मावशीला इचारतो."

"काय विचारतोस?"

"जेवणाचं. जलमभर हितंच जेवलो तर चालंल काय म्हणून."

दोन्ही बाजूंना मिठाच्या राशी होत्या आणि वारा होता. आयुष्यात मला कोणी काही मागितलं असेल तर ते तेवढंच, आणि मी हो म्हणायची राहिले. मला वाटलं, दिवाळीला म्हणेन.

त्याच दिवसांत घरच्या माणसांची नावं लिहून घ्यायला सुरुवात झाली. विम्याच्या यादीवर एक डॉक्टर नेमलेला असे, त्याला पॅनेल डॉक्टर म्हणत. आमचे डॉक्टर कर्णिक. त्यांचा दवाखाना स्टेशनच्या पूर्वेला होता आणि खिडकीत त्र्यंबक नावाचा कारकून बसायचा. कार्डावर नात्याचा रकाना इतका अरुंद होता की त्यात शब्द मावत नसत. म्हणून त्र्यंबकने आकडे ठरवले होते. बायको एक, मुलगा दोन, मुलगी तीन, आई चार, बाप पाच. पुढे पुढे रांगेतली माणसंही तसंच बोलायची. "आमच्या चारला खोकला आहे, एकला दिवस गेलेत."

मी खिडकीशी गेले तेव्हा गोदा मागेच होती.

"घरात कोण?" त्र्यंबकने विचारलं.

"आई."

"लग्न?"

"नाही."

"मग कोणी नाही, असं लिहितो."

"आई आहे ना."

त्याने टाक खाली ठेवला. "बाई, पुरुष कामगाराचे आईबाप चालतात. बाईच्या कार्डावर चार आणि पाच नसतात."

"का नसतात?"

"नियम आहे. मुलगी आज इथे, उद्या सासरी. आईबापांचं मुलगा बघतो."

"तिला मुलगा नाही."

"ते नियमाला कुठे माहीत असतं?" तो म्हणाला. उद्धटपणे नाही म्हणाला. त्यालाही ते बरं वाटलं नसावं.

"भाऊसाहेब," गोदा मागून म्हणाली, "उद्या हिला मिशा काढून आणते. मग चालंल?"

रांग हसली, त्र्यंबकही हसला. गोदा काही थांबणारी नव्हती. "बरं, हिचं लगीन झालं तर जावयाच्या कार्डावर?"

"सासूला नंबरच नाही," त्र्यंबक म्हणाला. "पुढे या."

त्या संध्याकाळी बांधावर मी रडले. आईचा उजवा डोळा पार पिकला होता. मागे एकदा पदरचे पैसे घालून दाखवलं तेव्हा एका डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं की असाच ठेवला तर आतल्या आत फुटेल आणि मग कोणालाच काही करता येणार नाही. भिवाजी शेजारून चालत होता. मग म्हणाला, "माझं कार्ड अख्खं कोरं हाय. चार नंबरची जागा रिकामी पडलीय. मावशीला घालू तिथं."

"खोटं लिहिणार?"

"खोटं कसलं? रोज तिच्या हातचं जेवतो. आय आनखी काय करते?"

"कळलं तर कामावरून काढतील तुला."

"आंधळीला दिसाय लागलं म्हणून कोण तक्रार करील?"

आम्ही दोघंही फक्त डोळ्यांचा विचार करत होतो.

डॉक्टरांनी तपासायचं म्हणून आईला न्यावं लागलं. मी तिचा हात धरला होता, भिवाजी पुढे. त्र्यंबकने त्याचं कार्ड घेतलं, चार नंबर लिहिला, 'चंद्रभागा' लिहिलं, आणि मग त्याची नजर माझ्यावर गेली.

"ही तर परवा आली होती. ही हिची आई ना?"

भिवाजी शांतपणे म्हणाला, "हिची पन. आमची आय एकच. माझा बाप गेला, मग तिनं पाट लावला. ही तिकडची."

विधवेने दुसरं लग्न करणं याला पाट लावणं म्हणत. आमच्यात त्यात काही वावगं नव्हतं, आणि ते त्र्यंबकलाही माहीत होतं. त्यामुळे ते त्याला पटलं.

"म्हणजे ही तुझी बहीण."

"हां," भिवाजी म्हणाला. "बहीण."

त्र्यंबकने माझंही कार्ड मागून घेतलं आणि त्यावर बारीक अक्षरात शेरा मारला, 'आई भावाच्या कार्डावर.' शिक्का मारला आणि फुंकर घालून परत दिलं.

बाहेर आल्यावर आई आधी हसली. "मेल्या, मना दोन दादले करून ठेवलंस." मग आम्हीही हसलो. स्टेशनपासून घरापर्यंत हसत आलो.

हसू थांबवलं ते गोदाने. दुसऱ्या दिवशी बांधावर ती आपल्या नेहमीच्या तऱ्हेने म्हणाली, "शके, लगीन झाल्यावर याच्या कार्डावर एक नंबरला तुझं नाव घालावं लागंल. त्र्यंबकला काय सांगशील? भावाशीच लावलं म्हणून?" बोलून झाल्यावर तिचं तिलाच कळलं.

"दोन्ही डोळे होऊ देत," भिवाजी म्हणाला. "मग मी दुसरीकडं काम बघतो. नवीन कारखाना, नवीन कार्ड, नवीन डॉक्टर. वरीसभराची तर गोष्ट हाय."

मी वर्षभर थांबायला तयार होते. खरं तर कितीही थांबले असते.

डॉक्टरांनी चिठ्ठीवर इंग्रजीत आजाराचं नाव लिहिलं, त्र्यंबकने शेजारी त्याचा आकडा टाकला, आणि तो आकडा वर जाऊन मंजूर होऊन आला. आकडा आल्याशिवाय मुंबईच्या इस्पितळात खाट मिळत नसे. श्रावणात मिळाली. एका वेळी एकच डोळा करत. आधी डावा केला, त्याला यश यायची खात्री जास्त म्हणून. ऑपरेशननंतर दोन्ही डोळ्यांवर पट्टी आणि डोक्याच्या दोन्ही अंगांना वाळूच्या पिशव्या. हलायचं नाही, खोकायचं नाही. शेजारी घरचं माणूस हवं. मी साहेबाकडे रजा मागायला गेले तर तो म्हणाला, "तुझी आई भावाच्या कार्डावर आहे ना? मग रजा तो घेईल."

म्हणून माझ्या आईजवळ भिवाजी बसला. पेज चमच्याने त्याने भरवली. मी रविवारी जायचे तेव्हा तिचा हात त्याच्या हातात असायचा. तो अंधार तिच्या नेहमीच्या अंधारासारखा नव्हता. ती घाबरली होती, आणि घाबरलेलं माणूस बोलतं. माझ्या वडिलांबद्दल तिने मला कधी न सांगितलेलं त्याला सांगितलं. ती त्याला 'लेका' म्हणायला लागली. तो तिला 'आय' म्हणायचा. आधी नर्स ऐकेल म्हणून म्हणायचा. नंतर नर्स नसतानाही म्हणायचा.

घरी आल्यावर तिने गावदेवीला नारळ फोडला आणि आळीतल्या बायकांसमोर म्हणाली, "डोळा मागितला हुता, आयनं लेक पन दिला." बायकांनी मान डोलावली. मी खोबरं वाटत होते. त्याच वेळी आमच्या लग्नाचं सांगायला हवं होतं असं कोणालाही वाटेल. पण डोळा मिळाला यापेक्षा मुलगा मिळाला याचा तिला जास्त आनंद झाला होता. तो आनंद तिच्या तोंडावर होता आणि मी बघत होते. मी खोबरं वाटत राहिले.

जाड भिंगांचा चष्मा दिवाळीच्या थोडा आधी आला. ती त्यातून आधी माझ्याकडे बघत राहिली. "केवढी मोठी झालीस गो," म्हणाली. मग भिवाजी आला. त्याला दारातच उभं करून तिने नीट न्याहाळलं. "शके, खोटं बोललीस. काळा नाय ह्यो. भाजलाय नुसता."

भाऊबीजेला तिने स्वतः अंगण सारवलं, घरात चटईची घडी घातली, भोवती रांगोळीची दोन बोटं ओढली. ताटात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी. भिवाजी नवा सदरा घालून आला आणि चटईसमोर थबकला.

"बस रं," आई म्हणाली. "आज माझे डोळ्यांनी बघायचं हाय मना. ह्या घरात भाऊबीज कधी झालीच नाय."

तो बसला. मी ताट उचललं. भिवाजीने मान वर केली आणि माझ्याकडे बघितलं. दोन वर्षं आम्ही आईसमोर असंच एकमेकांकडे बघत आलो होतो. सवयच झाली होती ती. आता तिला दिसतं, हे आम्ही दोघंही त्या क्षणी विसरलो.

आईने चष्मा सारखा केला.

"थांब गो," ती म्हणाली.

मी थांबले. ती एकदा त्याच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होती. सावकाश.

"कवापासून?"

ती एक पाऊल पुढे आली.

"मना सांगणार कोण हुतं?"

"दिवाळी झाली की इचारणार हुतो, आय," भिवाजी म्हणाला. तेव्हाही त्याच्या तोंडात आयच आलं.

ती भिंतीला टेकून बसली. बाहेर पोरं फटाके वाजवत होती. मग ती उठली आणि दोरीवरचं लुगडं ओढून घड्या घालू लागली, काही करायचं म्हणून. "उद्याला त्या कारकुनाकडं जाते. सांगते, ह्यो माझा कोण नाय, नाव काढ. एक डोळा पुरे हाय मना. जाळं तर हातानंच इणते."

"मावशी," भिवाजी म्हणाला.

तिला माहीत नव्हतं की तिने खिडकीत जाऊन असं सांगितलं तर भिवाजीची नोकरी जाईल. खोटं लिहून दिलं म्हणून पुन्हा कुठे लागणं कठीण होईल. आणि उजवा डोळा वाट बघणार नव्हता. मी तिच्याकडे पाहिलं. भिंगामागे एक डोळा मोठा, ओला, सगळं बघणारा. दुसरा पांढरा.

ती न जाता गप्प राहिली असती तरी भागलं नसतं. आता तिला कळलं होतं, आणि आपल्या डोळ्यापायी पोरीचं लग्न अडलंय हे ठाऊक असताना ती दुसऱ्या ऑपरेशनच्या टेबलावर चढलीच नसती. मी तिला ओळखत होते. तिला चढवायची असेल तर अडण्यासारखं काही उरायला नको होतं.

मी बोट कुंकवात बुडवलं आणि भिवाजीच्या कपाळाला लावलं. वर अक्षता लावल्या. त्याला उठता आलं असतं. त्याने माझ्याकडे बघितलं, मी काय करतेय ते त्याला कळलं, आणि त्याने मान खाली घातली. मी त्याला ओवाळलं. आई लुगडं हातात धरून उभी होती. ती "शके, नको" म्हणाली, पण तोवर झालं होतं.

ओवाळणी टाकायला भिवाजीने खिशात हात घातला. खिशात कागदात गुंडाळलेल्या हिरव्या बांगड्या होत्या. त्या त्याने ताटात ठेवल्या. कशासाठी आणल्या होत्या ते मी विचारलं नाही. जेवायला आईने नारळीभात केला होता, तो तिघांनी खाल्ला.

पुढच्या वर्षी पावसाळ्याआधी आईचा उजवा डोळा झाला. कार्ड तेच, नंबर तोच. आई त्यानंतर सोळा वर्षं जगली आणि शेवटपर्यंत सुईत दोरा स्वतः ओवायची. त्या संध्याकाळबद्दल ती माझ्याशी कधी बोलली नाही. मात्र दर भाऊबीजेला मी ताट घेतलं की तिला अंगणात काहीतरी काम निघायचं.

गोदाने त्या वर्षानंतर माझी थट्टा करणं सोडलं. ती पुढे युनियनमध्ये पुढारीण झाली, दोनदा तुरुंगात जाऊन आली, आणि म्हातारपणी मुलाकडे नाशिकला वारली.

डॉक्टर कर्णिकांनी दवाखाना बंद केल्यावर त्र्यंबक डोंबिवलीला राहायला गेला. एकदा मला तो तिथल्या भाजीबाजारात भेटला, केस सगळे पांढरे. "तुझा भाऊ कसा आहे?" त्याने विचारलं. मी म्हटलं, बरा आहे. त्याने माझ्या पिशवीत दोन लिंबं टाकली आणि गेला.

माझं लग्न माजिवड्याच्या काळुरामशी झालं. चांगला माणूस होता. मला कधी उलट बोलला नाही आणि मुलींना शिकवलं. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली.

भिवाजीने उशिरा लग्न केलं, अर्नाळ्याकडच्या तुळसाशी. तिचं नाव कार्डावर घालायचं होतं तेव्हा नणंद म्हणून मीच तिच्याबरोबर खिडकीशी गेले. त्यांना मुलगी झाली. बारशाला आत्या म्हणून बाळाच्या कानात नाव सांगायचा मान माझा होता. मी हेमा ठेवलं. ती आता मानपाड्याला राहते, शिक्षिका होती, दर आठवड्याला फोन करते. कारखाना बंद पडल्यावर भिवाजी घोडबंदरकडे परत गेला. भट्टीच्या धगीने छाती खराब झाली होती. त्यातच तो गेला. मी पोचले तेव्हा त्याला बाहेर काढलं होतं.

दिवस झाल्यावर तुळसाने मला जवळ बसवलं आणि सहज विचारलं, "वन्सं, तुम्ही त्यांना कधी दादा म्हटलं नाहीत. भावाला कोण असं नावानं हाक मारतं?"

मी म्हटलं, "आधीपासून तशीच सवय होती."

तिला ते पटलं असावं. ती चहा टाकायला उठली.